मिशीवाल्याचा पत्रा

अख्ख्या कोल्हापुरात ज्या माणसाच्या घरी सगळ्यात जास्त बंदुका आहेत, तोच माणूस अख्ख्या कोल्हापुरात सगळ्यात भित्रा आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. या विधानाला आव्हान देणारा मला अजून भेटलेला नाही. खुद्द मामांनाही ते मान्य आहे. फक्त 'भित्रा' या शब्दाऐवजी ते स्वतःला 'कानानं हळवा' म्हणवून घेतात. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या सोप्यात पाऊल टाकलं, की चारी भिंतींवरून बंदुका तुमच्यावर रोखलेल्या. लांब नळीच्या, आखूड नळीच्या, पितळी पट्ट्यांच्या, दस्त्यावर शिंपल्याची फुलं जडवलेल्या. एक तर इतकी लांब आहे की तिचं टोक माजघरात निघतं, आणि मामी त्याला चहाची गाळणी अडकवतात. या सगळ्या शस्त्रागाराच्या मधोमध मामा उभे असतात. उंची बेताची, मिशी मात्र छातीपेक्षा रुंद, आणि कानात कापसाचे बोळे. दिवाळीच्या दिवसांत बोळ्यांवर मफलर चढतो आणि मफलरवर हेल्मेट. मोटारसायकल मामांनी आयुष्यात चालवलेली नाही.

आमच्या लग्नात माझ्या मित्रांनी कार्यालयाच्या दारातच फटाक्यांची माळ लावली. पहिल्या आवाजासरशी नवरीचे मामा गायब! आता नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामांनी. भटजी घड्याळाकडे बघताहेत, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेत, मी हार घेऊन ताटकळतोय, आणि मामांचा पत्ता नाही. शेवटी ते आचाऱ्याच्या कोठीत कांद्याच्या पोत्यांमागं कानांवर हात दाबून बसलेले सापडले. बाहेर काढल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सपली का लढाई?" मी मनात म्हटलं, लढाई आता सुरू होतेय, पण ती माझ्या बाजूनं. तर अशा माणसाला बंदुकांचा नाद कसा लागला, हे मी एकदा त्यांना विचारलं. मामा म्हणाले, "जावईबापू, माणसं बोलत्यात, भांडी बोलत्यात, तुमची मामी तर बोलतेच बोलते. ह्या घरात माझ्या बंदुकाच तेवढ्या गप हायत." खरंच होतं ते. भिंतीवरच्या सगळ्या बंदुका कधीच निकामी केलेल्या, कुणाची नळी बुजवलेली, कुणाचा घोडाच नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा सगळा मामला.

बंदुका हा मामांच्या छंदाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे बंदुकांच्या जुन्या जाहिराती. काडतुसांचे पत्र्याचे डबे, दारूगोळ्याच्या दुकानांची कॅलेंडरं, छऱ्यांच्या कंपनीनं गिऱ्हाइकांना फुकट वाटलेल्या रक्षापात्रांची चळत. मामा बिडीकाडी ओढत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांना शेंगदाण्याचे लाडू त्या रक्षापात्रांतून मिळतात. एक आरसा आहे. त्याच्या माथ्यावर 'आमचा नेम चुकत नाही' असं छापलेलं आहे, आणि त्याच आरशात बघून मामा रोज दाढी करतात आणि रोज हनुवटी कापून घेतात. जगातलं सगळं शहाणपण या जाहिरातींत आहे, अशी त्यांची ठाम समजूत. एका बारुदाच्या डब्यावर 'भर पावसातही कोरडी' असं लिहिलेलं आहे. मामींनी त्यात कांदा-लसूण चटणी भरून ठेवली होती. मामांनी काय करावं? कंपनीच्या शब्दाची परीक्षा म्हणून तो डबा चटणीसकट कोल्हापूरच्या धो धो पावसात गच्चीवर ठेवला. चटणी खरोखरच कोरडी राहिली. मग आठवडाभर पेठेत दिसेल त्याला थांबवून मामा सांगत होते, "कंपनी बुडाली, मालक गेला, पर दिलेला शब्द पत्र्यानं पाळला!" शाहूपुरीत त्यांचं मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथं वायसर घ्यायला आलेला माणूस चकमकीच्या बंदुकीत ठिणगी कशी पडते ते शिकून जायचा आणि वायसर न्यायचा विसरायचा. दुकान तरीही चाललं, याचं कारण तो माणूस वायसरसाठी दुसऱ्या दिवशी परत येई आणि आणखी दोघांना ऐकायला घेऊन येई.

पण या सगळ्या मुक्या पलटणीत एक बोलू शकणारी होती. मामांच्या वडिलांकडून वारशानं आलेली, परवान्याची, ठासणीची बंदूक. मामा तिला 'थोरली' म्हणतात. तिच्या घोड्याच्या बाजूला पळणाऱ्या दोन हरणांची नक्षी आहे. मामांनी तिच्यातून आजवर एकही बार काढलेला नाही. तिला फक्त तेल पाजतात, मऊ फडक्यानं पुसतात आणि खंडेनवमीला झेंडूची माळ घालतात. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आपल्याकडच्या निवडणुका म्हणजे लग्नसराईतले पाहुणे, एक उठतो तोवर दुसरा हजर. प्रत्येक वेळी मामांच्या घरी रडारड. मामींच्या जुन्या इरकली लुगड्यात थोरलीला गुंडाळायचं, हळदकुंकू लावायचं, आणि रिक्षात मधोमध ठेवून ठाण्यात न्यायचं. एकदा सोबतीला मी होतो.

"हवालदारसाहेब, तिला भितीला टेकवून उभी करू नका. आडवी निजवा," मामा म्हणाले.

"बरं."

"आन् त्या कोपऱ्यात ओल हाय."

"काका," हवालदारांनी पेन खाली ठेवलं, "ही बंदूक जमा करायला आलाय का लेक सासरी धाडताय?"

"लेकच हाय साहेब," मामा लुगड्याची घडी सारखी करत म्हणाले. "लेकीला निदान फोन तरी लावता येतोय."

त्यानंतर निकाल लागेपर्यंत दर चार दिवसांनी मामा तेलाची कुपी खिशात घालून ठाण्यात चौकशीला. शेवटी त्या हवालदारांनाच बंदुकीचा लळा लागला, आणि थोरली परत निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढची निवडणूक कधी म्हणायची, काका?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पेठेच्या कोपऱ्यावर तात्या गवळ्याचा दुधाचा कट्टा आहे. कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. सकाळ-संध्याकाळ म्हशी कट्ट्यावर येतात, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाळलेला पेला तसाच तुमच्या हातात देतो. तात्याची म्हैस चंद्रा, शिंगांना पितळी शेंब्या आणि गळ्यात कवड्यांची माळ. ती जिथं बांधतात, तिथं समोरच्या भिंतीला एक जुना मिन्याचा पत्रा ठोकलेला आहे. त्यावर खांद्यावर बंदूक टाकलेला एक मिशीवाला शिकारी. पायाशी कुत्रा, वर कंपनीचं अर्धं पुसलेलं नाव. आणि त्या शिकाऱ्याच्या बंदुकीवर, घोड्याच्या शेजारी, पळणारी दोन हरणं! म्हणजे थोरलीच्याच कंपनीची जाहिरात. मामांना हा शोध लागला त्या दिवशी ते कट्ट्यावरून घरापर्यंत पळत आले होते, असं मामी सांगतात. तेव्हापासून मामांच्या आयुष्यात एकच इच्छा उरली. थोरली आणि तो पत्रा एका भिंतीवर, शेजारी शेजारी.

मामा मुलीच्या बापाच्या नम्रतेनं तात्याकडे गेले. तात्या आडमाप अंगाचा, पण बोलणं सरळ. "मामा, पत्रा द्यायला माझी ना न्हाय. पर म्हशीचं काय? ही त्या मिशीवाल्याच्या तोंडाकडं बघितल्याबिगार पान्हा सोडत न्हाय. हिची आई बी तसलीच हुती."

म्हशीपुढं अपील चालत नाही. मामा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नुसतं जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून पेलाभर दूध घेऊ लागले. दूध मामांना लहानपणापासून सोसत नाही. पेला रिकामा झाला की पोटात गुरगुर सुरू व्हायची, आणि कानानं हळवे असलेले मामा तिला दचकायचे. तरी पावसात, थंडीत, ज्वर असताना, वर्षानुवर्षं हा नेम चुकला नाही. रोज संध्याकाळी मामा विचारणार, "मग तात्या, पत्र्याचं काय?" तात्या धार काढता काढता मान हलवणार, "जमायचं न्हाय मामा." मग दोघं कट्ट्यावर बसून पावसापासून राजकारणापर्यंत सगळ्याचा निकाल लावणार. चपला घालताना मामा घरात जाहीर करत, "बोलणी चालू हायत." मामी आतून म्हणत, "आवं, एवढ्या वेळात चार पोरींची लग्नं उरकली असती!"

मामांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, पुण्याला असतो. गुणी मुलगा, आईवडिलांवर जीव. मामांची पंचाहत्तरी झाली, गुडघे कुरकुरू लागले, दुकान जुन्या कारागिराकडे सोपवून झालं, तेव्हा त्यानं धोसराच धरला. दोघांनी पुण्याला यावं. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, शेजारी दवाखाना आहे. "आन् ह्या?" मामांनी भिंतींकडे हात केला. मेहुण्यानं मान खाली घातली. तिथं भिंतीला खिळा मारायचा तर सोसायटीची परवानगी लागते, बंदुका कुठल्या? या साऱ्या कुणाला तरी द्याव्या लागतील आणि थोरली कायमची जमा करावी लागेल. मामांनी उठून थोरलीवरून हात फिरवला. मग त्यांना सुचलं ते हे: "त्या मिशीवाल्याचा पत्रा आन् थोरली एकदा एका भितीवर लागू दे. डोळं भरून बघतो. दुसऱ्या दिवशी गाडी बोलाव. तवर कोल्हापूर सोडणार न्हाय." दिला शब्द म्हणजे दिला, कंपनीसारखा. मेहुणा खूश झाला. एवढंच ना? एक पत्रा?

पुढच्याच शनिवारी तो तात्यापुढे जाऊन उभा राहिला. म्हणेल तो भाव द्यायला तयार. तात्या म्हणाला, "पावणं, भावाचा सवाल न्हाय, पान्ह्याचा हाय." मेहुणा शिकलेला माणूस, त्यानं उपाय काढला. पत्र्याचा फोटो घेतला आणि त्याच मापाचा फ्लेक्स छापून आणला. आमच्या गावात मांजराच्या बारशालाही फ्लेक्स लागतो, तेव्हा छापणाऱ्यानं काही विचारलं नाही. उलट सवयीनं खाली 'शुभेच्छुक' म्हणून चार रिकामे गोल सोडले. पत्रा कापडानं झाकला आणि वर फ्लेक्स लावला. कट्ट्यावर ही गर्दी! चंद्रानं मान वर केली, फ्लेक्स हुंगला, आणि शांतपणे शिकाऱ्याचा कुत्रा चघळायला लागली. धारेचं नाव नाही. तात्यानं विजयी नजरेनं मेहुण्याकडे पाहिलं. एवढ्यात गर्दीतून एक रिक्षावाला ओरडला, "मामा, तुमीच उभं ऱ्हावा की! मिशी तर सेम टू सेम हाय!"

लोकांनी मामांना पुढं ढकललंच. फ्लेक्स बाजूला झाला. मामा लाजले, मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला, छत्री खांद्यावर टाकली, एक पाय पुढं घेतला आणि पोट आत ओढलं. अगदी पत्र्यातला शिकारी! चंद्रानं त्यांच्याकडे पाहिलं, कान हलवले, आणि चरवीत पहिली धार वाजली. शिट्ट्या, टाळ्या. रिक्षावाल्याला चेव आला. त्यानं मामांच्या हातातली छत्री घेतली आणि स्वतः उभा राहिला. त्याला मिशी नव्हती, तरी धार चालूच. मग तो बाजूला झाला. समोर फक्त कापडानं झाकलेली भिंत. तरी धार चालूच! चंद्राला मिशीवालाही नको होता आणि छत्रीवालाही. मघाशी ती बिचारी नुसती गर्दीला बुजली होती. तात्या चरवीकडे बघतच राहिला. आईपासून मुलीपर्यंत जपलेली त्याची समजूत एका संध्याकाळी निकालात निघाली. पण माणूस शब्दाचा पक्का. उठला, हात धुतले, खिळे उपसले आणि पत्रा मामांच्या हातात दिला. "न्या मामा. म्हशीचीच हरकत न्हाय, तर मी कोण अडवणार?" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी मामांच्या शेजारीच होतो. ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट बघितली तो हातात आलेला माणूस मी पाहत होतो, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

त्या रात्री पत्रा भिंतीवर लागला. शेजारी थोरली. हरणांना हरणं मिळाली. खरंच देखणं दिसत होतं. मेहुण्यानं फोटो काढले आणि हळूच म्हणाला, "पप्पा, मग उद्या दुपारची गाडी सांगू?" मामा म्हणाले, "सांग. शब्द दिलाय." एवढंच. मग आयुष्यभर बंदुकांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या मामी पदर खोचून उठल्या आणि एकेक बंदूक पुसायला लागल्या. गाळणी अडकवायची ती लांब नळी त्यांनी दोनदा पुसली. "पुण्यात दूध पिशवीत येतंय," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. त्या दिवशी तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से केले होते, पण कुणी नीट जेवलं नाही. माझ्याच्यानं तर तिथं बसवेना.

सकाळी मेहुण्याचा फोन. पप्पा घरात नाहीत आणि पत्राही नाही. आम्ही दोघं धावत कट्ट्यावर गेलो. पत्रा भिंतीवर आपल्या जुन्या जागी, नवे खिळे ठोकलेला. मामांच्या हातात अजून हातोडी. ठोकताना त्रास होऊ नये म्हणून कानात दुप्पट कापूस. त्यामुळे आम्ही आलेलो त्यांना कळलंच नाही. तात्यानं मात्र पाहिलं आणि तोंड फार गंभीर केलं.

"पावणं," तो मेहुण्याला म्हणाला, "काल चुकलं आमचं. म्हस रातभर रेकत हुती ओ. पत्रा न्हाय म्हटल्यावर सकाळी थेंब सोडंना. मीच मामास्नी निरोप धाडला. पत्रा देता यायचा न्हाय."

बोलताना त्याची नजर मेहुण्याच्या बुटांवर होती. आणि त्याच्या पायाशी चरवी होती, काठोकाठ भरलेली, वरचा फेससुद्धा बसून गेलेली. पत्र्याचा शेवटचा खिळा नुकताच ठोकला गेला होता आणि दूध त्याच्या किती तरी आधी निघालं होतं. मी ते पाहिलं. मेहुण्यानंही पाहिलं. त्यानं चरवीकडे बघितलं, मग बापाकडे. मामा हातोडी पाठीमागं लपवून उभे होते, आंबे चोरताना सापडलेल्या पोरासारखे. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. पण तो कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "तात्या, एक पेला द्या." सगळं दूध त्यानं सावकाश प्यायलं, मिशीवाल्याकडे बघत. मग उठून मामांच्या एका कानातला कापूस काढला आणि त्यात म्हणाला, "पप्पा, बोलणी चालू ठेवा." दुपारची गाडी आली, पण तिच्यातून तो एकटाच गेला. मला तो मेहुणा त्या दिवसापासून भावासारखा वाटायला लागला आहे.

आता तोच महिन्याच्या महिन्याला येतो. मामांचे गुडघे आणखी थकलेत. कट्टा चार घरांवर, पण तेवढं अंतरही आता त्यांना जड जातं, म्हणून संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून नेतो. चढताना ते माझा खांदा धरतात, आणि त्या हाताचं वजन दर महिन्याला थोडं कमी लागतं. मला ते कळतं आणि मला ते आवडत नाही. कट्ट्यावर पोचलं की मात्र मामा ताठ होतात. "मग तात्या, पत्र्याचं काय?" "जमायचं न्हाय मामा." परत येताना मागच्या सीटवरून मला ऐकू येतं, "आज बी न्हाय म्हणाला बघा," आणि त्यांचा आवाज अगदी खुशीत असतो.

चंद्राही म्हातारी झाली. परवा तिनं दूध जवळजवळ आटवलंच. मी मनातून घाबरलो. मामांनीही पेला हातात तसाच धरला होता. तात्यानं आमच्या दोघांकडे पाहिलं, आत गेला आणि चंद्राची रेडी घेऊन आला. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, एका जागी पाय न ठरणारं ते पोर त्यानं पत्र्यासमोरच्या खुंट्याला बांधलं आणि हनुवटीला हात लावून त्याचं तोंड मिशीवाल्याकडे वळवलं.

"आत्तापास्नं सवय लावतोय मामा," तो म्हणाला. "हिचं दूध सुरू झालं की मग बोलू पत्र्याचं."

"बोलू की," मामा म्हणाले. "मला कुठं घाई हाय?" आणि त्यांनी पेला तोंडाला लावला.